साडेतीन सुती आणि सव्वादोन सुती ड्राइव्हच्या जुन्या गोट्या: हँडल कुठलं, अडॅप्टर कसा?

कुडचडेकर

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या सावर्डे-कुडचडे पट्ट्यात खाणींच्या बंद पडलेल्या वर्कशॉपचं सामान अजूनही भंगारात निघतं. त्यातला एक पत्र्याचा डबा घेतला आहे. आतल्या बहुतेक गोट्या (नट फिरवायचे सॉकेट) नेहमीच्या कुठल्याच रॅचेटवर बसत नाहीत. व्हर्नियरने घेतलेली मापं देतो.

आठ गोट्या, ड्राइव्हचा चौकोन (हँडल बसतं ते मागचं भोक) ११.२ मिमी, आतून बारा कोनी, नाव ब्लॅकहॉक.
सहा लहान गोट्या, चौकोन ७.२ मिमी, नाव स्नॅप-ऑन, नंबराच्या आधी एम अक्षर.
दोन मोठ्या, बिननावाच्या, चौकोन १६ मिमी. त्यातल्या एकीच्या तोंडाला आठ कोन आहेत.
एक लांब गोटी, चौकोन १२.७ मिमी. वर ३/८ डब्ल्यू लिहिलंय, पण तोंड मोजलं तर १८.१ मिमी भरतं.
एक एल हँडल, टोक षट्कोनी, सपाट ते सपाट ११.१ मिमी. हे ११.२ च्या चौकोनात जाईल असं वाटलं होतं, पण जात नाही.

तीन सुती (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) रॅचेट ब्लॅकहॉकच्या गोट्यांत जातं, पण बरंच सैल. मध्ये पत्र्याची पट्टी घालून वापरलं तर चालेल का? हँडल कुठलं शोधायचं? पाच-सहा गोट्या कोरड्या करड्या रंगाच्या आहेत, त्यांवर क्रोम दिसत नाही. त्या घासून चकचकीत कराव्यात का? जमलं तर हे सेट पूर्ण करून ठेवायचे आहेत, विकायचे नाहीत.

टूलरूम_कुंडई

कुडचडेकरबाब, मापं नीट घेतली आहेत, म्हणून ओळखायला सोपं गेलं. ११.२ म्हणजे ७/१६ इंच, साडेतीन सूत, मूळ माप ११.११. ७.२ म्हणजे ९/३२, सव्वादोन सूत, ७.१४. आणि १६ म्हणजे ५/८, पाच सूत, १५.८८. भोक नेहमी थोडं जास्तच भरतं. कारखान्यातली सूट असते आणि वर वापराने तोंड फाकलेलं असतं. म्हणून कडेशी मोजू नका, व्हर्नियरचे आतले जबडे चार-पाच मिमी खोल घाला आणि दोन्ही दिशांनी मोजा. दोन मापांत ०.२ पेक्षा जास्त फरक आला तर चौकोन पिळला गेलाय, ती गोटी फक्त मांडणीत ठेवायची.

भंगारवाल्याकडे व्हर्नियर काढला की भाव चढतो. ड्रिल बिटांच्या शेपट्या खिशात ठेवा, गोल शेपटीचा व्यास म्हणजे सपाट ते सपाट माप. ७.० चं बिट जातं आणि ७.५ चं अडतं, तर सव्वादोन सुती. ११ जातं, ११.५ अडतं, तर साडेतीन. १५.५ जातं, १६.५ अडतं, तर पाच सुती. दोन सुतीत ६ जातं, ७ अडतं. तीन सुतीत ९ जातं, १० अडतं.

पट्टीचं उत्तर: नको. ९.५३ चा चौकोन ११.११ च्या भोकात दोन्ही बाजूंना मिळून साधारण २१ अंश हलतो. सव्वादोन सुती गोटीत दोन सुती रॅचेट १५ अंशांच्या आसपास, आणि पाच सुतीत चार सुती तर ३४ अंशांपर्यंत. इतकं फिरल्यावर रॅचेटच्या चार कडाच तेवढ्या गोटीच्या भिंतीला टेकतात. सगळा जोर रेघेवर येतो, सपाटीवर येत नाही. आधी रॅचेटच्या कडा गोल होतात, मग गोटीच्या भिंतीत चर पडतात, आणि चर पडलेल्या गोटीत पुढे मूळ हँडल मिळालं तरी ते नीट बसत नाही. पट्टी घातली तर दोन-तीन ताणांत दुमडून बाहेर येते. ती एका बाजूला सरकली तर गोटी तिरकी बसते आणि नटाचे कोन जातात ते वेगळंच.

षट्कोनी एल हँडल दुसऱ्याच सेटचं आहे. १९२०-३० च्या दशकांत अमेरिकेत षट्कोनी ड्राइव्हचे स्वस्त सेट निघत होते. हँडल म्हणजे वाकवलेला षट्कोनी गज, आणि गोटीच्या मागे तसंच षट्कोनी भोक. तुमच्या गजाचं कोन ते कोन माप १२.८ येतं, म्हणून तो ११.१ च्या चौकोनात शिरत नाही. ठोकून घालू नका.

लांब गोटी विटवर्थ मापाची, म्हणजे जुन्या ब्रिटिश बोल्ट-पद्धतीची आहे. तिथे आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, नटाच्या रुंदीचा नाही. ३/८ विटवर्थचा नट ०.७१० इंच, म्हणजे १८.०३ मिमी. तीच गोटी ७/१६ बीएसएफला (बारीक आट्यांच्या ब्रिटिश बोल्टला) चालते. शेजारची मापंही टिपून ठेवा: १/४ विटवर्थ १३.३४, ५/१६ विटवर्थ १५.२४, ७/१६ विटवर्थ २०.८३, १/२ विटवर्थ २३.३७ मिमी. लिस्टरच्या जुन्या पंप इंजिनांना हीच लागतात. १८ मिमीची मेट्रिक गोटी कधी कधी ठोकून बसते, पण गंजलेल्या नटावर ते करू नये.

म्हापसे_शुक्रवार

जमवायचेच असतील तर आधी हँडल, मग गोट्या. लोक नेमकं उलटं करतात. साडेतीन सुतीच्या गोट्या किलोवर मिळून जातात, पण रॅचेट, सरकता टी आणि एक्स्टेन्शन यांच्यासाठी वाट बघावी लागते. हँडल तुटलं की ते टाकलं गेलं, आणि गोट्या डब्यात पडून राहिल्या. म्हणून भंगारात साडेतीन किंवा पाच सुती हँडल दिसलं तर मोडकं असलं तरी उचला. आतला कुत्रा (दातांत अडकणारी खिटी) आणि स्प्रिंग बदलता येतात, चौकोन नवा मिळत नाही.

या तिन्हींत सव्वादोन सुती सर्वांत सापडण्यासारखं. स्नॅप-ऑनच्या 'मिजेट' मालिकेचा हा ड्राइव्ह, नंबराआधी नुसतं एम. पुढे त्यांनीच दोन सुती घेतल्यावर नंबराआधी टीएम आलं. हा फरक लक्षात ठेवा, कारण ऑनलाइन विकणारे दोन्ही एकत्र करून 'पाव इंची सेट' म्हणून विकतात. फोटोत टीएम आणि एम मिसळलेले दिसले तर तो सेट मागून जुळवलेला आहे. प्लॉम्ब या अमेरिकन कंपनीनेही सव्वादोन सुती काढलं होतं. त्याच कारखान्याच्या मालावर १९४८ नंतर प्रोटो हे नाव येतं, म्हणजे प्लॉम्ब दिसलं तर माल बहुधा त्याआधीचा.

साडेतीन सुतीमागचा विचार असा की तीन आणि चार सुतीची कामं एकाच सेटमध्ये व्हावीत. क्रोम-व्हॅनेडियमसारखं चांगलं पोलाद सर्रास वापरात आलं, तीन सुती आणि चार सुती दोन्ही पुरेसे मजबूत झाले, आणि मधल्याची गरज संपली. आजच्या आंतरराष्ट्रीय मापांत ६.३, १०, १२.५, २० आणि २५ हीच नावं उरली आहेत. (१० म्हणजे आपलं तीन सूतच, १२.५ म्हणजे चार सूत. युरोपियन माल बघून 'हा वेगळा ड्राइव्ह' असं समजून जास्त पैसे मोजणारे आहेत, म्हणून सांगतो.)

काळ ओळखायचा तर अमेरिकन मालावर पेटंट नंबर शोधा. तिथलं वीस लाखावं पेटंट एप्रिल १९३५ मध्ये निघालं, तीस लाखावं १९६१ मध्ये. म्हणजे १९ लाखांचा नंबर असेल तर पेटंट एप्रिल १९३५ पर्यंतचं. गोटी मात्र नंतरही बनलेली असू शकते, पेटंट नंबर वर्षानुवर्षं तोच ठोकत. स्नॅप-ऑनवर वर्षाचं बारीक चिन्ह असतं, ते भिंगाने बघावं लागतं. जर्मन मालावर डीआरजीएम किंवा डीआरपी असेल तर १९४५ पर्यंतची नोंदणी. 'वेस्ट जर्मनी' असेल तर १९४९ ते १९९०.

आपल्याकडे सगळं मिसळून सापडतं, कारण माल तीन वाटांनी आला. मुरगाव ते कॅसलरॉक रेल्वे ब्रिटिशांनी बांधली, तिच्याबरोबर विटवर्थ आलं. १९६१ पूर्वी, पोर्तुगीज काळात, बंदरातून युरोपातल्या गाड्या आणि अवजारं थेट येत. खाणींवर अमेरिकन यंत्रं आली, त्यांच्याबरोबर इंची माल. त्यामुळे एकाच डब्यात रेमशाइडचं गेडोरे आणि मिलवॉकीचं ब्लॅकहॉक निघालं तर तो सेट नाही, तो डबा आहे. वेगवेगळे करून ठेवा.

घेताना बघायचं: नाव आणि नंबर यांच्या अक्षरांची खोली सारखी आहे का. पॉलिश करून खपवलेल्या गोटीवर अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि मधलीच अक्षरं पुसट दिसतात. दुसरं, तोंडाची भिंत ग्राइंड करून पातळ केली आहे का. फिटर लोक अडचणीच्या जागेसाठी ते करत, संग्रहात तिची किंमत राहत नाही.

कुडचडेकर

फार उपयोगी, दोघांचेही आभार. हँडल मिळेपर्यंत ब्लॅकहॉकच्या गोट्या अधूनमधून वापरायच्या आहेत. तीन सुती रॅचेटला साडेतीन सुती करणारा अडॅप्टर बाजारात मिळत नाही. करून घेता येईल का? कुठल्या पोलादाचा, आणि किती जोर सोसेल?

डिझेल_फिटर_वास्को

सोपा मार्ग असा. बाजारातला तीन सुती मादी (भोक) आणि चार सुती नर (बाहेर आलेला चौकोन) असा अडॅप्टर घ्या, साध्या क्रोम-व्हॅनेडियमचा. त्याचा नर चौकोन १२.७ वरून ११.०५ वर आणायचा, म्हणजे प्रत्येक बाजूने साधारण ०.८ मिमी. सरफेस ग्राइंडरवर घ्या, हातातल्या अँगल ग्राइंडरवर नको. हाताने चारही बाजू समांतर येत नाहीत आणि चौकोन एका बाजूला सरकतो, मग गोटी लंगडत फिरते. एकदम आठ दशांश काढू नका, थोडं थोडं घ्या आणि पाण्यात बुडवत राहा. हाताला धरवत नाही इतकं तापलं तर थांबा. शेवटी तयार गोटी घालून बघा. हाताने सरळ जायला हवी, ०.०५ ते ०.१ ची सैल बरोबर.

गोळीचं काय होतं ते आधी समजून घ्या. चौकोनाच्या एका बाजूला जी स्टीलची गोळी असते ती भोकाच्या कडा आत दाबून अडवलेली असते. तो थर ग्राइंडिंगमध्ये जातो आणि गोळी स्प्रिंगसकट उडते. म्हणून सुरुवातीलाच गोळी आणि स्प्रिंग काढा. गोटी नंतर आपोआप धरून राहणार नाही. वर तोंड करून काम असेल तर चौकोनाला पातळ ग्रीस लावा, तेवढं पुरतं.

हीच युक्ती पाच सुतीला: चार सुती मादी आणि सहा सुती नर अडॅप्टर, १९.०५ वरून १५.८० वर, प्रत्येक बाजूने १.६ मिमी. सव्वादोन सुतीला मात्र हे करू नका. तिथे तीन सुतीचा ९.५ चा नर ७.०५ पर्यंत आणावा लागतो आणि गोळीच्या भोकाभोवती पोलादच उरत नाही. पहिल्याच घट्ट स्क्रूला तिथून तुटतो.

टूलरूम_कुंडई

ग्राइंडिंगला हरकत नाही, पण माझी पसंती वायरकटला (वीज सोडलेल्या तारेने कापण्याला). ईएन २४ टी या पोलादाचा गज घ्या. टी म्हणजे आधीच कडक करून आलेला, त्यामुळे नंतर भट्टीत घालावं लागत नाही आणि माप बिघडत नाही. वेर्णा, कुंडई, थिवी या वसाहतींत डाय बनवणाऱ्यांकडे वायरकट असतं. दोन चौकोन एकाच गजावर एकामागोमाग कापून घ्या: एका टोकाला ११.०५, दुसऱ्या टोकाला १२.६५, मधे १० मिमीची गोल कॉलर. प्रत्येक चौकोनाची लांबी गोटीच्या भोकाच्या खोलीपेक्षा १ मिमी कमी ठेवा, नाहीतर टोक आत टेकून कॉलर बसत नाही. गज किमान २० मिमी व्यासाचा, कारण १२.६५ च्या चौकोनाचा कर्णच जवळजवळ १८ होतो. चौकोन आणि कॉलर जिथे मिळतात तो कोपरा काटकोनी सोडू नका, ०.५ मिमीची गोलाई मागा. तडा तिथूनच जातो.

आता हा दोन्हीकडे नर असलेला तुकडा बसवायचा कशात? चार सुती मादी ते मादी जोडणीत, किंवा पूर्वीच्या पद्धतीच्या रॅचेटमध्ये, ज्याच्या डोक्यात आरपार चौकोनी भोक असतं. जुन्या सेटमध्ये असेच दुहेरी नर तुकडे येत, त्यामुळे असा एखादा डब्याच्या तळाशी सापडला तर भंगार म्हणून टाकू नका. वेल्डिंग करून दोन चौकोन जोडायला सांगणारे भेटतील. ईएन २४ वेल्डजवळ कडक आणि ठिसूळ होतं, तिथेच मोडतं.

जोराचा हिशेब: ईएन २४ टी मध्ये ११.०५ चा चौकोन साधारण ११० न्यूटन-मीटरला पिळायला लागतो, म्हणून ७०-८० वर थांबा. ७.०५ चा चौकोन २८ च्या आसपास, म्हणून २० पर्यंतच. टायरचे नट या अडॅप्टरवर सोडवू नका. आणि गोटीच्या मागे इम्पॅक्ट गन तर नाहीच. हाताने वापरायच्या जुन्या गोट्या कडक असतात, धक्क्याने फुटतात आणि तुकडे उडतात.

मांडवीकाठ

गंजाबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

करड्या गोट्यांना हात लावण्याआधी थांबा. दुसऱ्या महायुद्धात क्रोम-निकेलची टंचाई असल्याने अमेरिकन अवजारं साध्या काळ्या फिनिशमध्ये किंवा कॅडमियम चढवून निघाली. प्लॉम्बवर त्या काळात डब्ल्यूएफ अक्षरं असत. कॅडमियम मळकट चांदीसारखं, किंचित पिवळसर दिसतं. ते तारेच्या ब्रशने, पॉलिश पेपरने घासू नका आणि आम्लात बुडवू नका. धूळ विषारी असते. हातमोजे घालून साबणाचं कोमट पाणी, मऊ ब्रश, लगेच पुसून तेल. एवढंच. शिवाय तो फिनिश हीच त्या गोटीची ओळख आहे. चकचकीत केली की संग्रहातली किंमत जाते. नव्याने क्रोम चढवणं तर अजिबात नको.

क्रोम असलेल्यांवर गंजाचे ठिपके असतील तर सायट्रिक आम्ल, लिटरला ५० ग्रॅम. दर अर्ध्या तासाने बघा आणि जास्तीत जास्त तीन-चार तासांनी बाहेर काढा. रात्रभर ठेवलं तर पोलाद काळं पडतं आणि क्रोमच्या फटीतून आम्ल आत शिरून पापुद्रे सुटतात. मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात पाच मिनिटं, साध्या पाण्यात धुणं, आणि लगेच गरम हवेने वाळवणं. किनाऱ्याजवळच्या खारट विहिरीचं पाणी शेवटच्या धुण्याला वापरू नका, दुसऱ्या दिवशी लाल होते. आमसुलाच्या आगळाने तांब्याची भांडी उजळतात हे खरं, पण बाजारच्या आगळात मीठ असतं. पोलादावर नको.

बिनक्रोमच्या, जाड गंज चढलेल्या गोट्यांना वीज लावून काढणं बरं. प्लास्टिकची बादली, १० लिटर पाणी, ५० ग्रॅम धुण्याचा सोडा. बॅटरी चार्जरची ऋण तार गोटीला, धन तार साध्या लोखंडी पट्टीला, १२ व्होल्टवर दोन-तीन अँपिअर. पट्टी स्टेनलेसची कधीच नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन निघतो, म्हणून उघड्यावर करा आणि तार काढण्याआधी चार्जर बंद करा. कडक पोलाद हायड्रोजन शोषून ठिसूळ होऊ शकतं. वापरायच्या गोट्या काढल्यावर ओव्हनमध्ये १९०-२०० अंशांवर तीन-चार तास ठेवा. क्रोमच्या गोट्या या बादलीत घालू नका, पापुद्रे उचलले जातात.

रॅचेट मिळालं की ते डिझेलमध्ये भिजवून आतलं जुनं ग्रीस पूर्ण काढा. परत भरताना दातांवर जाड ग्रीस लावू नका. कुत्रा दाताच्या तळापर्यंत बसत नाही, टोकावर सरकतो आणि दात जातात. पातळ मशिन ऑइलचे दोन थेंब पुरे.

साठवण: आपल्या पावसाळ्यात उघड्या लाकडी खणात काहीही टिकत नाही. लाकूड आणि फेल्ट ओल धरतात आणि गोटी जिथे टेकते तिथेच गंज धरतो. हवाबंद प्लास्टिकचा डबा, गंजरोधक वाफेचा कागद, आणि सिलिका जेल, २० लिटरच्या डब्याला १०० ग्रॅम. रंग बदलला की १२० अंशांवर दोन तास तापवून परत वापरा. खोबरेल तेल नको, काही महिन्यांत चिकट होतं. स्प्रे तेल उडून जातं, ते गंज सैल करायला ठीक आहे, साठवायला नाही. मूळ पत्र्याचा डबा वेगळा ठेवा, आतल्या बाजूला सेटच्या यादीचा कागद चिकटलेला असेल तर त्याला तेल लागू देऊ नका. कुठल्या गोट्या कमी आहेत हे त्यावरूनच कळतं.

डिझेल_फिटर_वास्को

आठ कोनांची पाच सुती गोटी चौकोनी नटांसाठी. ती षट्कोनी नटावर घालून बघू नका, दोनच कोन धरतात. चौकोनी डोक्याचे बोल्ट जुन्या लाकडी बार्जवर, लेथच्या टूलपोस्टवर आणि पाइप प्लगवर अजून मिळतात.

खाणीच्या मालात आणखी एक दिसेल: गोटीच्या मागे चौकोनाऐवजी दाते असलेलं गोल भोक. ते स्प्लाइन ड्राइव्ह, मोठ्या इम्पॅक्ट मशिनचं, बहुधा पाच नंबर. वजन पाच-दहा किलो असलं म्हणून किलोवर घेऊन येऊ नका. मशिन नसेल तर त्याचा काही उपयोग नाही.

कुडचडेकर

करड्या गोट्या साबणाने पुसून वेगळ्या ठेवतो. एका गोटीचा चौकोन दोन दिशांना ११.१५ आणि ११.४५ भरला, म्हणजे ती मांडणीत. बाकी सातांसाठी ११.०५ चा वायरकट सांगतो. भोकाची खोली १३ मिमी आहे, मग चौकोन १२ लांब बरोबर ना?

टूलरूम_कुंडई

बरोबर. सातही गोट्यांची खोली मोजा आणि सर्वांत उथळ असेल तिच्यावरून लांबी धरा. टोकाला १ मिमीचा उतार सांगायला विसरू नका, नाहीतर फाकलेल्या तोंडातही चौकोन अडतो.